आधी हक्क शोधा, मग पैसे भरा: नागपूरच्या फुटबॉलप्रेमींसाठी हंगामाची तयारी

ऑगस्ट उजाडला की माझ्या फोनवर ठरलेला प्रश्न येतो. कधी मोहननगरमधून, कधी कामठीहून, कधी मनीषनगरच्या एखाद्या नव्या सोसायटीतून. "दादा, पॅक मारला, पण मॅच दिसूनच नाही राहिली ना!" विचारणाऱ्याने पैसे आधीच भरलेले असतात. कुणी वर्षभराचं ॲप घेतलेलं असतं, कुणी केबलवाल्याकडून स्पोर्ट्सचा मोठा पॅक सुरू करून घेतलेला असतो, आणि आपल्या क्लबचा सामना भलत्याच ठिकाणी चाललेला असतो.

गोंधळ होतो तो क्रम उलटा झाल्यामुळे. आधी पॅक आणि मग कुठली स्पर्धा कुठे दिसते याचा शोध, असं चालतं. खाली क्रम सरळ करून दिला आहे. पहिल्या तीन टप्प्यांत एक पैसाही खर्च होत नाही, आणि लोक नेमके तेच टप्पे गाळतात.

## टप्पा १: वहीत क्लबचं नाव नको, स्पर्धांची नावं लिहा

"मी बार्सिलोनाचा" एवढ्यावर काहीच ठरत नाही. प्रक्षेपणाचे हक्क साधारणपणे स्पर्धेगणिक विकले जातात, आणि प्रत्येक स्पर्धेचा विकणारा वेगळा असतो. बार्सिलोना एकाच हंगामात ला लिगा (स्पेनची लीग), कोपा देल रे (तिथला कप), जमलं तर स्पॅनिश सुपर कप आणि चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) खेळतो. ला लिगाचे हक्क लीग विकते, कोपा आणि सुपर कपचे स्पेनचं फुटबॉल महासंघ विकतं, चॅम्पियन्स लीगचे युएफा, म्हणजे युरोपच्या फुटबॉलची संघटना. क्लब एक, विकणारे तीन. भारतात हे तिन्ही एकाच वाहिनीकडे आले तर तो योगायोग समजायचा.

इंग्लंडच्या क्लबांचंही तेच. एका क्लबचे प्रीमियर लीगमधले ३८ सामने एका करारात येतात. एफए कप वेगळा, लीग कप वेगळा, युरोपातले सामने वेगळे. हंगामाआधीचे दौऱ्यावरचे मैत्रीपूर्ण सामने तर कधी क्लबच्या स्वतःच्या ॲपवर असतात, कधी भारतात कुठेच नसतात. आपल्याकडे इंडियन सुपर लीग आणि ड्युरंड कप यांचेही करार निरनिराळे. भारतीय संघाच्या मैत्रीपूर्ण सामन्याचे हक्क सहसा यजमान देशाच्या महासंघाकडे असतात, म्हणून घरचा सामना एका ठिकाणी आणि बाहेरचा भलतीकडे, असं होतं.

म्हणून वहीच्या एका पानावर पाच रकाने आखा: स्पर्धेचं नाव, महिन्याला मी खरोखर किती सामने पाहतो, या हंगामात हक्क कोणाकडे, करार कुठल्या वर्षापर्यंत, आणि टीव्हीवर की ॲपवर. आत्ता फक्त पहिले दोन भरा.

दुसऱ्या रकान्यात स्वतःशी खरं बोला. रात्री दीडचा सामना आणि सकाळी सातला एमआयडीसीची बस, हे गणित दर आठवड्याला जमत नाही. चॅम्पियन्स लीगच्या नव्या रचनेत, म्हणजे २०२४-२५ पासून, पहिल्या टप्प्यात एका क्लबचे आठच सामने असतात, तेही सप्टेंबर ते जानेवारीत विखुरलेले. आठपैकी तीन पाहणार असाल तर तीनच लिहा. पुढे पैशाचा निर्णय याच आकड्यावर ठरणार आहे.

तपासा: पानावर एकाही क्लबचं नाव नसावं. असेल तर खोडून त्याच्या जागी तो क्लब खेळत असलेल्या स्पर्धा लिहा.

## टप्पा २: या हंगामात हक्क कोणाकडे आहेत ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. "मागच्या वर्षी तर इथंच लागत होतं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की पुढची तक्रार आधीच कळते. करार ठरावीक हंगामांचे असतात, बरेचदा तीन, आणि ते संपले की पुन्हा बोली लागते.

ला लिगाकडे पाहा. २०१८ पासून तीन हंगाम हे सामने भारतात फेसबुकवर फुकट दिसत होते. २०२१ मध्ये हक्क वायकॉम१८ कडे गेले. तो करार संपल्यावर पुन्हा हात बदलले आणि २०२५-२६ चा हंगाम फॅनकोड या ॲपवर आला. विश्वचषकाचंही तसंच: २०१८ चा सोनीवर, २०२२ चा स्पोर्ट्स१८ आणि जिओसिनेमावर. पुढे जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र होऊन फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार झालं, आणि स्पोर्ट्स१८ च्या वाहिन्यांना स्टार स्पोर्ट्सचं नाव मिळालं. जुन्या नावाने शोधत बसणाऱ्याला वाटतं की वाहिनीच बंद पडली.

शोधायचं ते याच क्रमाने:

१. स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर जा. प्रक्षेपकांची देशवार यादी बहुतेक मोठ्या स्पर्धा देतात. "भारत" सापडलं नाही तर "भारतीय उपखंड" पाहा.

२. तिथे जे नाव मिळेल त्या वाहिनीच्या स्वतःच्या ॲपवर किंवा अधिकृत खात्यावर याच हंगामाची घोषणा आहे का ते पाहा. करार कुठल्या वर्षापर्यंत आहे हे बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं. तो चौथा रकाना.

३. सामन्याच्या दोन-तीन दिवस आधी वाहिनीच्या वेळापत्रकात तो विशिष्ट सामना आहे याची खात्री करा. स्पर्धेचे हक्क असले तरी प्रत्येक सामना टीव्हीवर लागतोच असं नाही. शनिवारी एकाच वेळी चार-पाच सामने असले की दोन टीव्हीवर येतात आणि उरलेले फक्त ॲपवर.

दोन करार नमुन्यादाखल सांगतो. प्रीमियर लीग २०२५ ते २०२८ या तीन हंगामांसाठी जिओस्टारकडे आहे, म्हणजे टीव्हीवर स्टार स्पोर्ट्स आणि ॲपवर जिओहॉटस्टार. चॅम्पियन्स लीग, युरोपा लीग आणि कॉन्फरन्स लीग २०२७ पर्यंत सोनीकडे, म्हणजे सोनी स्पोर्ट्स आणि सोनी लिव्ह. दोन्हींच्या संपण्याच्या वर्षात एकाचा फरक आहे हे लक्षात आलं ना? म्हणून चौथा रकाना प्रत्येक स्पर्धेसाठी वेगळा भरायचा.

सावध: इंग्लंडमधल्या संकेतस्थळांवरची "आज टीव्हीवर" ही यादी इंग्लंडपुरती असते. तिथे शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉल थेट दाखवण्यावर बंदी आहे, म्हणून तीन वाजताचे सामने त्या यादीत नसतात. आपल्याकडे ती बंदी लागू नाही. लंडनच्या भाच्याला विचारून इथला पॅक ठरवू नका.

सावध: व्हॉट्सॲपवर फिरणारा "या हंगामात कोण कुठे" हा तक्ता तारीख नसेल तर वापरू नका. मागच्या हंगामाचा तक्ता ऑगस्टमध्ये हमखास पुन्हा फिरतो.

## टप्पा ३: टीव्ही की ॲप, हे स्पर्धेगणिक ठरवा

घरात केबल किंवा डिशची छत्री आधीपासून असेल तर टीव्ही बहुधा स्वस्त पडतो. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांनुसार प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर असते आणि ती वाहिनी सुटी घेता येते. तरीही केबलवाला "भाऊ, पूर्ण स्पोर्ट्स पॅकच घ्या" म्हणतो आणि आपण मान डोलावतो. तुमच्या वहीत प्रीमियर लीग एवढीच स्पर्धा असेल, तर ती ज्या वाहिन्यांवर लागते तेवढ्याच मागा. ही लीग बहुतांशी स्टार स्पोर्ट्स सिलेक्टच्या वाहिन्यांवर असते. नुसतं "स्टार स्पोर्ट्स" म्हणालात तर क्रिकेटच्या वाहिन्या सुरू होतील आणि शनिवारी पुन्हा फोन करावा लागेल.

मागताना वाहिनीचं पूर्ण नाव आणि आकडा सांगा. एसडी की एचडी तेही सांगा. या दोन वेगळ्या वाहिन्या धरल्या जातात आणि त्यांचे पैसेही वेगळे लागतात. अनेक घरांत दोन्ही सुरू असतात आणि कुणाला पत्ता नसतो. जाहीर किमतीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही हिशेबात धरा.

ॲपच्या बाजूने दोन गोष्टी बोलतात: सगळे सामने मिळण्याची शक्यता जास्त, आणि बसमध्येही पाहता येतं. विरुद्ध बाजूला उशीर आहे. ॲपवरचं चित्र टीव्हीच्या मागे असतं, अर्धा मिनिटसुद्धा असू शकतं. शेजारच्या घरातून ओरडा ऐकू येतो तेव्हा तुमच्याकडे कॉर्नर अजून घेतलेला नसतो. ज्याला हे सहन होत नाही त्याने टीव्हीच घ्यावा. मला स्वतःला होत नाही.

दूरदर्शनबद्दल एक मोठा गैरसमज आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीला दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं, आणि फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना त्यात मोडतो. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर हे चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील (साध्या अँटेनाच्या) प्रक्षेपणावर आणि डीडी फ्री डिशवरच दाखवता येतं. तुमच्या केबलवर किंवा खासगी छत्रीवर डीडी स्पोर्ट्स दिसत असली तरी ऐन सामन्याच्या वेळी तिथे दुसरंच काही चालू असू शकतं. फुकट पाहायचं असेल तर फ्री डिशची छत्री आणि डबा हवा. त्याचा खर्च एकदाच, महिन्याचं भाडं नाही. पण वर्षभराची लीग यावर मिळेल अशी आशा ठेवू नका.

## टप्पा ४: आता पैसे, आणि तेही मुदत पाहून

वहीचे पाचही रकाने भरले असतील तरच इथे या.

युरोपचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतो. वर्षाचा पॅक ऑगस्टमध्ये घेतला तर पूर्ण हंगाम त्यात बसतो. तोच पॅक जानेवारीत "सूट आहे" म्हणून घेतला तर पुढच्या जानेवारीपर्यंत चालतो. हक्कांचा करार मधल्या मे महिन्यात संपत असेल तर शेवटचे सात महिने तुमच्या हातात फुटबॉल नसलेलं ॲप उरतं. माझ्या ओळखीच्या एका काकांचं असंच झालं. पैसे परत मिळाले नाहीत, कारण त्यांनी ॲप विकत घेतलं होतं, स्पर्धा नव्हे. अटींमध्ये ते लिहिलेलंही होतं.

म्हणून नियम साधा ठेवा. चौथ्या रकान्यातलं वर्ष येत्या मे महिन्यापलीकडे जात असेल तर वर्षाचा पॅक घ्यायला हरकत नाही. ते वर्ष येत्या मे महिन्यात संपत असेल तर महिन्याचा किंवा तिमाही घ्या. आणि महिन्याला दोनच सामने पाहणार असाल तर सामन्यागणिक पैसे भरायची सोय आहे का ते पाहा. काही ॲपवर ती असते.

मोबाइलच्या रिचार्जसोबत "फुकट" मिळणारं ॲप बरेचदा फक्त फोनवर चालतं, टीव्हीवर टाकता येत नाही. शिवाय रिचार्ज संपला की ॲपही संपलं. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी वाचा: टीव्हीवर चालेल का, एका वेळी किती उपकरणांवर चालेल, आणि थेट खेळ त्यात धरला आहे का. घरात मुलगी फोनवर मालिका पाहत असते, तुम्ही टीव्हीवर सामना लावता आणि नव्वदाव्या मिनिटाला पडद्यावर "उपकरणांची मर्यादा संपली" येतं. हे टाळता येण्यासारखं आहे.

सावध: टेलिग्रामवरचे दुवे, "सगळ्या वाहिन्या शंभर रुपयांत" देणारे डबे आणि कुणीतरी पाठवलेल्या एपीके फाइल्स (स्टोअरबाहेरून ॲप टाकायच्या फाइल्स) यांपासून दूर राहा. हे बेकायदा तर आहेच, पण ज्या फोनमध्ये तुमचं यूपीआय आहे त्याच फोनमध्ये अनोळखी ॲपला संदेश वाचायची परवानगी देणं म्हणजे घराची किल्ली चौकात टांगून ठेवणं.

## टप्पा ५: वेळापत्रक आपल्या घड्याळात उतरवा

युरोपात घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे. आपलं घड्याळ जागेवरच असतं, म्हणून आपल्याला सामना सरकल्यासारखा वाटतो.

इंग्लंडमधला शनिवारी दुपारी साडेबाराचा सामना ऑगस्टमध्ये आपल्याकडे संध्याकाळी पाचला, थंडीत सहाला. तीनचा सामना साडेसातला, थंडीत साडेआठला. साडेपाचचा रात्री दहाला, थंडीत अकराला. चॅम्पियन्स लीगचा मध्य युरोपातल्या रात्री नऊचा सामना आपल्याकडे साडेबाराला, नोव्हेंबरपासून मार्चच्या त्या रविवारपर्यंत दीडला.

इथेच तारखेचा घोळ होतो. "मंगळवारचा सामना" म्हणजे आपल्याकडे मंगळवार संपल्यानंतरची रात्र, कॅलेंडरवर बुधवार. बुधवारी रात्री अलार्म लावून उठलेले लोक मला माहीत आहेत. निकाल सकाळच्या पेपरात येऊन गेलेला होता. वहीत "मंगळवार-बुधवार मधली रात्र, दीड" असंच लिहा.

तपासा: ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी फोनमधले सगळे फुटबॉलचे अलार्म एकदा पाहून घ्या.

## टप्पा ६: आदल्या दिवशी रंगीत तालीम

मोठ्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, सामन्याच्या वेळी नव्हे, एवढं करा.

ॲप उघडा, लॉगिन झालंय ना ते पाहा. जुन्या स्मार्ट टीव्हीवर ॲप अद्ययावत नसेल तर ते ऐन वेळी उघडतच नाही. ओटीपी ज्या नंबरवर येतो तो फोन घरात आहे का? अनेक घरांत खातं मुलाच्या नंबरवर असतं आणि मुलगा पुण्यात. मग रात्री एक वाजता त्याला उठवायचं. कुठलाही चालू कार्यक्रम दहा मिनिटं लावून पाहा, म्हणजे चित्र अडखळतं का ते कळेल.

डेटाचा हिशेब करा. चांगल्या प्रतीचं चित्र तासाला साधारण दीड ते तीन जीबी खातं. सामना मध्यंतरासह दोन तासांचा, म्हणजे तीन ते सहा जीबी. दिवसाला दीड-दोन जीबीचा रिचार्ज त्याला पुरत नाही. शिवाय हा डेटा मध्यरात्री बारा वाजता नव्याने मिळतो. साडेबाराच्या सामन्यावर तो संपवलात तर दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत हात कोरडे. फोनवरच पाहायचं असेल तर चित्राची प्रत एक पायरी खाली आणा. छोट्या पडद्यावर फरक फारसा कळत नाही.

मग वीज. मे महिन्यात, लीगचा शेवट रंगात असताना, गल्लीतल्या प्रत्येक घरात कूलर आणि एसी एकदम चालतात आणि रात्रीच फ्यूज उडतो. नवतपात संध्याकाळचं वादळ वेगळंच. इन्व्हर्टरवर टीव्ही आहे पण राउटर नाही, असं बऱ्याच घरांत असतं. राउटर आणि फायबरचा छोटा डबा, दोन्ही बॅटरीवर हवेत. तरीही गल्लीतल्या केबलवाल्याच्या पेटीची वीज गेली तर तुमची बॅटरी निरुपयोगी, म्हणून फोनचा हॉटस्पॉट टीव्हीला एकदा जोडून ठेवा.

छत्रीवाल्यांना पाऊस छळतो. मुसळधार पडला की सिग्नल जातो. छत्री बिघडलेली नसते. २०२६ च्या विश्वचषकाच्या तारखाच ११ जून ते १९ जुलै, म्हणजे आपल्याकडे मृगापासून आषाढाच्या सुरुवातीपर्यंत. अशा स्पर्धेला छत्रीच्या जोडीला ॲपचा आधार हवाच. आणि छत्री भिंतीवर पक्की आहे का ते मे महिन्यातच पाहा, पावसात गच्चीवर चढू नका.

## टप्पा ७: सगळ्यांनी मिळून पाहायचं असेल तर

अंतिम सामना एकट्याने पाहायचा नसतोच, हे मीही मानतो. पण सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा मंडळाच्या मैदानात पडदा लावताना दोन गोष्टी आधी निकाली काढा.

पहिली, घरचा पॅक घरगुती वापरासाठी असतो. प्रेक्षकांकडून तिकीट किंवा प्रवेशाचे पैसे घेऊन प्रक्षेपण दाखवलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३७ व्या कलमात ते प्रक्षेपकाच्या हक्काचं उल्लंघन ठरतं. पैसे न घेताही मैदानात मोठा पडदा लावायचा असेल तर वाहिनीकडून लेखी परवानगी मागा, आणि ती काही आठवडे आधी. हॉटेल किंवा कॅफेला व्यावसायिक जोडणी लागते.

दुसरी, आवाज. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. रात्री साडेबाराचा सामना बंद हॉलमध्ये, टीव्हीच्याच आवाजावर पाहा. शेजारी परीक्षेचा मुलगा किंवा आजारी माणूस असेल तर आधी जाऊन सांगून या. पुढच्या वेळी हॉल मिळतो की नाही ते त्यावर ठरतं.

## टप्पा ८: चित्र दिसलं नाही तर, आणि मे महिन्यात

सामना दिसत नसेल तर आधी वही पाहा, मग कस्टमर केअरला फोन करा. वाहिनी बरोबर, पैसे भरलेले, तरी अंधार असेल तर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. क्रमांकाशिवाय फोन ठेवू नका. पडद्याचा वेळ दिसेल असा फोटो काढा. केबल किंवा छत्रीची तक्रार तिथे सुटली नाही तर त्याच कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जाते. ॲपने पैसे घेऊन कबूल केलेलं दाखवलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

मे महिन्यात शेवटची शिट्टी वाजली की दुसऱ्याच दिवशी आपोआप कापले जाणारे पैसे थांबवा. ॲप फोनमधून काढून टाकल्याने वसुली थांबत नाही. यूपीआय ॲपमध्ये "ऑटोपे"च्या यादीत जा आणि तिथून रद्द करा; प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनच्या यादीतून. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना मिळायला हवी, तेव्हा ते संदेश न वाचता पुसू नका. केबलवाल्यालाही सुट्या वाहिन्या बंद करायला सांगा आणि पुढच्या बिलावर त्या गेल्या का ते पाहा.

वहीच्या नव्या पानावर पुन्हा तेच पाच रकाने आखून ठेवा. स्पर्धांची नावं लिहा, तिसरा रकाना मात्र कोरा सोडा. तो जुलैच्या शेवटी, नव्याने शोधूनच भरायचा.